स्वस्त पेट्रोलचे पैसे कोण भरतं?

मंडळी, जगभरातल्या पेट्रोलच्या दरांचा तक्ता समोर आला, की नजर आधी त्याच्या दोन टोकांकडे जाते. खालच्या टोकाला लिबिया, इराण, व्हेनेझुएला ही नावं वर्षानुवर्षं दिसतात. लिबियात एक लिटर पेट्रोलचा सरकारी दर ०.१५ दिनार आहे. अमेरिकी चलनात सांगायचं तर जेमतेम दोन-तीन सेंट. वरच्या टोकाला हाँगकाँग. तिथे त्याच एका लिटरला तीन डॉलरहून जास्त मोजावे लागतात. नेदरलँड्स, डेन्मार्क हे देश दोन डॉलरच्या मागेपुढे असतात. म्हणजे वस्तू तीच, गाडीत जळते तशीच, आणि दरात शंभरपटीच्या घरातलं अंतर. जगभर खरेदी-विक्री होणाऱ्या मालात इतकी तफावत क्वचितच पाहायला मिळते.

या तक्त्याकडे बहुतेक जण 'कुठल्या देशातले लोक नशीबवान' अशा नजरेने पाहतात. मला ती नजर पटत नाही. स्वस्त दिसणाऱ्या प्रत्येक लिटरमागे कोणीतरी उरलेले पैसे भरत असतं, आणि बरेचदा तो माणूस गाडीवाला नसतो. हे 'उरलेले पैसे' कुठून येतात आणि कुणाच्या खिशातून जातात, ते आज पाहू.

आधी मूळ हिशेब. कच्च्या तेलाचा भाव पिंपावर ठरतो आणि एका पिंपात १५९ लिटर मावतात. भाव ८० डॉलर धरला तर एका लिटरला साधारण ५० सेंट. तेल जड आहे की हलकं, त्यात गंधक किती, यावर भाव थोडा खाली-वर होतो, पण उत्तर समुद्रातल्या ब्रेंट किंवा अमेरिकेतल्या डब्ल्यूटीआय तेलाचे भाव जगभर मापदंड मानले जातात, त्यांपासून कोणी फार लांब जाऊ शकत नाही. लांब गेला तर दुसरा गिऱ्हाईक तयारच असतो. समुद्रवाहतूक आपल्याला वाटते त्यापेक्षा खूप स्वस्त आहे. एक महाकाय टँकर वीस लाख पिंपं घेऊन निघतो, तेव्हा अर्ध्या पृथ्वीचा प्रवास करूनही लिटरमागे खर्च दोन-तीन सेंटांच्या वर सहसा जात नाही. रिफायनरीचा खर्च आणि नफा धरला, तरी बंदरावर उतरलेल्या पेट्रोलची किंमत सगळीकडे जवळपास सारखी असते. जपानच्या बंदरावर, ब्राझीलच्या बंदरावर, केनियाच्या बंदरावर फारसा फरक नाही.

फरक पडतो तो बंदराच्या पुढे.

त्यातला एक भाग भूगोलाचा आहे, तो आधी संपवतो. समुद्र नसलेल्या देशांत पेट्रोल रस्त्याने येतं. मलावीचं इंधन मोझांबिकमधल्या बैरा आणि नकाला किंवा टांझानियातल्या दार-एस-सलाम बंदरातून शेकडो किलोमीटर टँकर-ट्रकने आणावं लागतं. वाटेत सीमेवरचा खोळंबा, खराब रस्ते, शिवाय आयातीसाठी लागणाऱ्या डॉलरची कायमची चणचण. दक्षिण आफ्रिकेत तर एकाच देशात दोन दर आहेत. तिथे सरकार दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी नवे दर लागू करतं, आणि जोहान्सबर्गच्या बाजूचा, म्हणजे आतल्या भागाचा दर किनाऱ्यापेक्षा जास्त असतो. किनाऱ्यावरच्या डर्बनहून पेट्रोल वर चढवण्याचा खर्च त्यात धरलेला असतो. पण भूगोलाने पडणारा फरक सेंटांत मोजायचा असतो, फार तर तीस-चाळीस सेंट. तीन सेंट आणि तीन डॉलर यांच्यामधली दरी त्याने पडत नाही. ती सरकारं पाडतात. कुणी कर लावून, कुणी पदरचे पैसे घालून.

कराची बाजू समजायला ब्रिटनमधलं एक लिटर घेऊ. पंपावरचा दर १४० पेन्स आहे असं धरा. त्यातले ५२.९५ पेन्स हे इंधन शुल्क. २०११पासून हे शुल्क ५७.९५ पेन्स होतं, मार्च २०२२मध्ये तेल भडकलं तेव्हा पाच पेन्स उतरवले. मग येतो २० टक्के व्हॅट, आणि तो नुसत्या पेट्रोलवर नाही, शुल्क धरून होणाऱ्या रकमेवर लागतो, म्हणजे करावर कर. १४० पेन्सांत व्हॅटचा वाटा सव्वातेवीस पेन्सांच्या आसपास येतो. दोन्ही मिळून ७६ पेन्स सरकारकडे गेले. उरलेल्या ६४ पेन्सांत जमिनीतून तेल काढणारा, ते वाहून नेणारा, शुद्ध करणारा आणि पंप चालवणारा असे सगळे बसवायचे. निम्म्याहून जास्त किंमत पेट्रोलची नाहीच.

आता अमेरिका. तिथला केंद्रीय कर आहे गॅलनला १८.४ सेंट. गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर, तेव्हा लिटरला पाच सेंटही नाहीत. हा आकडा १९९३पासून एका सेंटानेही हललेला नाही. राज्यांचे कर वेगळे, पण सगळं धरून सरासरी गॅलनला पन्नास सेंटांच्या आसपास, म्हणजे लिटरला तेरा-चौदा सेंट. युरोपीय संघाचा नियम असा, की सदस्य देशाने पेट्रोलवर लिटरला किमान ०.३५९ युरो शुल्क लावलंच पाहिजे. त्याहून जास्त हवं तेवढं लावा. अटलांटिकच्या एका काठाला पेट्रोल दुसऱ्या काठाच्या जवळपास दुप्पट का, याचं उत्तर बहुतांशी या दोन आकड्यांत आहे. रस्त्यांच्या खर्चासाठी, आयात होणाऱ्या तेलावरचं अवलंबित्व कमी व्हावं म्हणून, पुढे हवेच्या प्रदूषणासाठी, अशी कारणं युरोपात दशकानुदशकं साठत गेली आणि लोकांनी लहान गाड्या, आगगाड्या, दाट वस्तीची शहरं अशी आपली घडी त्यावर बसवली.

जास्त कर असला की एक गोष्ट घडते, जी सहसा बोलली जात नाही. कच्चं तेल लिटरमागे वीस सेंटांनी महागलं असं समजा. जिथे पंपावर दोन डॉलर होते तिथे दर एक दशांशाने वाढतो. जिथे एक डॉलर होता तिथे तीच वाढ एक पंचमांश होते. म्हणजे कमी कर असलेल्या देशातल्या माणसाला तेलाच्या बाजाराचा प्रत्येक हेलकावा जास्त जोरात बसतो. उलट बाजूही तशीच. २० एप्रिल २०२० रोजी डब्ल्यूटीआयचा भाव शून्याच्या खाली, उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. कराराची मुदत संपत आलेली, ओक्लाहोमातल्या कुशिंगमधल्या टाक्या भरत आलेल्या, आणि मे महिन्यात ताब्यात घ्यायचा करार केलेलं तेल ठेवायला कोणाकडे जागा नाही, म्हणून विकणारेच पैसे द्यायला लागले. त्या दिवशीही जगात कुठल्या पंपावर पेट्रोल फुकट मिळालं नाही. शुल्क लिटरवर बांधलेलं असतं, त्याला तेलाच्या भावाशी देणंघेणं नसतं.

हाँगकाँगचं उदाहरण मला विशेष बोलकं वाटतं. तिथे पेट्रोलवर लिटरला ६.०६ हाँगकाँग डॉलर शुल्क आहे, म्हणजे पाऊण अमेरिकी डॉलरच्या थोडं वर. पण मग तीन डॉलरच्या वर दर कसा जातो? पंपाला जागा लागते, आणि त्या शहरात जागेची किंमत काय, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पंप मोजके, कंपन्या मोजक्या, सवलती कार्डांवर दिल्या जातात, त्यामुळे फलकावरचा दर फुगलेलाच राहतो. गंमत अशी, की युरो ५ दर्जाच्या, म्हणजे गंधक फार कमी असलेल्या, डिझेलवर तिथे शुल्क शून्य आहे. बस आणि मालमोटारी डिझेलवर चालतात. म्हणजे सरकारने ठरवलं, की खासगी मोटार ठेवणाऱ्याने भरपूर द्यावं, आणि बसने जाणाऱ्याच्या तिकिटावर इंधनाचा कर येऊ नये. जगातलं सगळ्यात महाग पेट्रोल, आणि तरीही सामान्य माणूस त्याने होरपळत नाही, कारण तो ते विकतच घेत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता दुसरं टोक, आणि इथे मला जरा थांबायचं आहे.

व्हेनेझुएलाकडे जगातले सर्वांत मोठे सिद्ध तेलसाठे आहेत, सुमारे ३०० अब्ज पिंपं. तिथल्या लोकांची भावना साधी आणि समजण्यासारखी: तेल आमच्या जमिनीतलं, मग ते आम्हाला जगाच्या भावाने का विकता? फेब्रुवारी १९८९मध्ये नव्याने निवडून आलेले अध्यक्ष कार्लोस आंद्रेस पेरेस यांनी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जासोबत सुधारणांचं पॅकेज आणलं आणि पेट्रोलचे दर एका फटक्यात वाढवले. २७ फेब्रुवारीच्या सकाळी राजधानी काराकासजवळच्या ग्वारेनास या गावात लोक कामावर जायला बसथांब्यावर आले, तर बसवाल्यांनी भाडं ठरवून दिलेल्या वाढीपेक्षाही जास्त लावलेलं. विद्यार्थ्यांचं सवलतीचं तिकीट घ्यायला ते तयार नव्हते. तिथे वादावादी झाली, दगड आले, जाळपोळ आली, आणि दुपारपर्यंत काराकास पेटलं. लष्कर उतरवलं गेलं. सरकारी आकडाही पावणेतीनशेच्या वर मृतांचा होता, इतर अंदाज त्याच्या कितीतरी पुढे जातात. जे रस्त्यावर उतरले ते मोटारींचे मालक नव्हते, बसने जाणारे लोक होते.

त्या घटनेची दहशत अशी बसली, की पुढची सरकारं पेट्रोलच्या दराला हात लावायला धजेनात. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून जवळपास वीस वर्षं दर तसाच राहिला, चलन मात्र घसरत गेलं. टाकीभर पेट्रोल पाण्याच्या बाटलीपेक्षा स्वस्त झालं. फेब्रुवारी २०१६मध्ये तेव्हाचे अध्यक्ष निकोलास मादुरो यांनी ९५ ऑक्टेनच्या, म्हणजे वरच्या दर्जाच्या पेट्रोलचा दर ०.०९७ बोलिव्हारवरून ६ बोलिव्हार केला. ऐकायला साठपट वाढ, प्रत्यक्षात महागाईने ती बघता बघता गिळून टाकली.

सीमेपलीकडे, कोलंबियातल्या कुकुता शहरात, रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या कॅनमधून व्हेनेझुएलाचं पेट्रोल विकणाऱ्यांच्या रांगा असायच्या. त्यांना तिकडे पिंपिनेरो म्हणतात. एका बाजूला नगण्य दर, दुसऱ्या बाजूला जगाचा दर, मधे एक पूल आणि पाणंदी. हजारो कुटुंबं या धंद्यावर जगत होती, मोठी कमाई मात्र टोळ्या आणि गणवेशातल्या भागीदारांकडे जात होती. व्हेनेझुएलाच्या जनतेसाठी म्हणून दिलेली सवलत रोज रात्री टँकर भरभरून देशाबाहेर वाहत होती.

आणि शेवट काय झाला? पेट्रोल विकून खर्चही निघत नसेल, तर रिफायनरी दुरुस्त कशाने करणार? १९९०च्या दशकाच्या शेवटी रोज तीस लाख पिंपांच्या आसपास तेल काढणारा देश २०२०मध्ये पाच लाखांच्या खाली आला. २०१९पासूनच्या अमेरिकी निर्बंधांनी तडाखा दिला हे खरं, पण घसरण त्याच्या बरीच आधी सुरू झालेली होती. मे २०२०मध्ये पंपांवर मैलमैल रांगा लागल्या आणि इराणने पेट्रोलने भरलेली पाच जहाजं व्हेनेझुएलाला पाठवली. जगातले सर्वांत मोठे तेलसाठे ज्या देशाच्या पोटात आहेत, त्याला अर्ध्या जगापलीकडून पेट्रोल मागवावं लागलं. १ जूनपासून सरकारने दोन दर केले: मोटारीला महिन्याला १२० लिटरपर्यंत सवलतीचं पेट्रोल, आणि दोनशे पंपांवर अर्धा डॉलर लिटर, हवं तेवढं. सवलतीच्या रांगेत माणसं रात्रंदिवस उभी राहिली. त्यांनी पैशाऐवजी आयुष्यातले तास मोजले. आणि कुकुताच्या पुलावर तर उलटंच घडलं. पेट्रोल आता कोलंबियातून व्हेनेझुएलात चोरून जाऊ लागलं.

'आमचंच तेल' या युक्तिवादाला मी हसण्यावारी नेत नाही. तो न्यायाच्या भावनेतून येतो. पण देशात तीन सेंटला जाळलेलं प्रत्येक लिटर हे बाहेर पन्नास सेंटला न विकलेलं लिटर असतं. तो फरक शाळेच्या, दवाखान्याच्या, पाण्याच्या पैशातून जातो. आणि मिळतो कुणाला? ज्याच्याकडे मोटार आहे त्याला, मोठी मोटार असेल तर जास्त. नाणेनिधीच्या अभ्यासकांनी २०१२मध्ये विकसनशील देशांच्या आकडेवारीवरून दाखवलं, की इंधन अनुदानाचा जो लाभ सर्वांत श्रीमंत पाचव्या हिश्श्याला होतो, तो सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्याच्या सहापट असतो. त्यातही पेट्रोलचं अनुदान सर्वांत विषम. रॉकेलचं त्यापेक्षा बरं.

नायजेरियात तर या फरकावर एक अख्खी लूट उभी राहिली. आफ्रिकेतल्या मोठ्या तेल उत्पादकांपैकी एक असलेला हा देश स्वतःच्या सरकारी रिफायनऱ्या बंद पडल्यामुळे पेट्रोल आयात करायचा, आणि सरकार आयातदारांना फरक भरून द्यायचं. १ जानेवारी २०१२ रोजी, नववर्षाच्या पहिल्या सकाळी, अनुदान काढलं गेलं, दर ६५ नायरावरून १४१वर गेला. देशभर संप झाला आणि सरकारने दर ९७वर आणून तडजोड केली. त्यानंतर संसदेच्या चौकशी समितीने अहवाल दिला: तीन वर्षांत या योजनेत ६.८ अब्ज डॉलरचा घोळ. कधी न आलेल्या जहाजांवर, कधी न उतरलेल्या पेट्रोलवर अनुदान उचललं गेलं होतं. अखेर २९ मे २०२३ रोजी अध्यक्ष बोला टिनुबू यांनी शपथविधीच्या भाषणात अनुदान संपल्याचं जाहीर केलं आणि दोनच दिवसांत दर १८५च्या आसपासवरून पाचशेच्या घरात गेला. शेजारच्या बेनिनमध्ये रस्त्याकडेला काचेच्या बरण्यांत विकलं जाणारं पेट्रोल हे नायजेरियातून चोरून आलेलं असे, तिथल्या मोटारसायकल-टॅक्सीवाल्यांचा धंदा त्यावर चाले. नायजेरियाची राजधानी अबुजा, तिथल्या एका वाक्याने त्यांचंही गणित कोलमडलं.

दरातला फरक सीमेवर नेहमी असाच वागतो. एकाच बाटलीला दोन भोकं असावीत आणि पाणी खालच्या भोकातून गळावं, तसं पेट्रोल स्वस्त बाजूने बाहेर पडतं. त्यावर सरकारं काय काय उपाय करतात! सिंगापूरची गाडी मलेशियात जायला निघाली, की तिची टाकी किमान पाऊण भरलेली असावी लागते. १९८९मध्ये आधी अर्ध्या टाकीचा नियम आला, १९९१पासून पाऊण. सीमेवरच्या नाक्यावर अधिकारी काटा पाहतात, कमी असेल तर दंड आणि परत फिरा. पलीकडे मलेशियाने स्वतःकडून बंदोबस्त केला: अनुदानाचं आरओएन ९५, म्हणजे ९५ ऑक्टेनचं, पेट्रोल परदेशी नंबरच्या गाडीला विकायला बंदी. सप्टेंबर २०२५च्या अखेरीस मलेशिया आणखी पुढे गेला. नागरिकाच्या ओळखपत्रावर लिटरला १.९९ रिंगिट, बाकीच्यांना बाजारभाव. अनुदान पेट्रोलला नव्हे, माणसाला जोडायचा हा प्रयत्न मला योग्य दिशेचा वाटतो, जरी मोठी गाडी आणि लहान गाडी हा भेद त्यातून सुटत नसला तरी.

हंगेरीचा अनुभव याच्या अगदी उलट. नोव्हेंबर २०२१मध्ये सरकारने दर ४८० फोरिंटवर गोठवला. आजूबाजूला दर चढत गेले, तशा शेजारी देशांच्या गाड्या हंगेरीत टाक्या भरायला येऊ लागल्या. मे २०२२मध्ये ही सवलत हंगेरीच्या नंबरप्लेटपुरती केली. तरी भागेना, कारण आयातदाराला तोट्यात माल आणण्यात रस नव्हता आणि लहान पंप बंद पडत होते. ६ डिसेंबरच्या रात्री सरकारने ती मर्यादा तत्काळ उठवली. पंप कोरडे पडल्यावर स्वस्त दर फक्त फलकावर उरला होता. लक्झेंबर्गने मात्र वर्षानुवर्षं हाच फरक कमाईचा केला. फ्रान्स, बेल्जियम, जर्मनी या तिघांपेक्षा कर थोडा कमी ठेवायचा, मग तिकडचे ट्रक आणि मोटारी आपोआप येतात. बेर्शेमचा महामार्गावरचा पंप युरोपातल्या सर्वांत गजबजलेल्या पंपांत गणला जातो. पण तिथे भरलेलं इंधन जळतं दुसऱ्या देशात, आणि कार्बनचा हिशेब चढतो लक्झेंबर्गच्या नावावर. २०२१पासून त्यांनी कार्बन कर लावला, त्यामागे हेही एक कारण आहे.

मग अनुदान काढायचं कसं? इथे माझं मत स्पष्ट आहे. रात्रीतून दर वाढवणं हा अन्याय आहे, अर्थशास्त्र कितीही बरोबर असलं तरी. पेट्रोल महागलं की आधी बसचं भाडं वाढतं, मग भाजी, मग पिठाची गिरणी. गाडीवाल्याला झळ बसते, पण गरिबाचं ताट रिकामं होतं. ऑक्टोबर २०१९मध्ये इक्वेडोरने एका अध्यादेशाने अनुदान काढलं. मूलनिवासी संघटना राजधानीत उतरल्या, सरकारला आपलं बस्तान कीटोहून ग्वायाकीलला हलवावं लागलं आणि दोन आठवड्यांच्या आत अध्यादेश मागे घ्यावा लागला.

इराणकडे या बाबतीत दोन्ही धडे आहेत. डिसेंबर २०१०मध्ये तिथे पेट्रोलचा दर १,००० रियालवरून कोट्यातल्या लिटरला ४,००० आणि वरच्या लिटरला ७,००० झाला. तरी देश शांत राहिला. कारण दरवाढीच्या आधीच कुटुंबप्रमुखांच्या बँक खात्यांत पैसे जमा झाले होते, महिन्याला माणशी ४,५५,००० रियाल. लोकांना ते खात्यात दिसत होते, फक्त दरवाढीच्या दिवसापर्यंत काढता येत नव्हते. मोटार नसलेल्या मोठ्या कुटुंबाला या व्यवहारात फायदा झाला. पुढे चूक अशी झाली, की महागाई भडकली, रियाल कोसळला, आणि ती रक्कम दहा वर्षांहून जास्त काळ तीच राहिली. पेट्रोल पुन्हा मातीमोल झालं, भत्ताही. मग नोव्हेंबर २०१९मध्ये मध्यरात्री अचानक घोषणा: पहिल्या ६० लिटरला १५,००० रियाल, पुढे ३०,०००. या वेळी खात्यात आधी काहीच आलेलं नव्हतं. शंभराच्या आसपास शहरं-गावं पेटली, जवळजवळ आठवडाभर इंटरनेट बंद केलं गेलं, आणि अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेने तीनशेहून अधिक मृत्यूंची नोंद केली. देश तोच, वस्तू तीच. पहिल्या वेळी लोकांच्या हातावर आधी काहीतरी ठेवलं होतं, दुसऱ्या वेळी फक्त बंदूक दाखवली.

आणि आता नॉर्वे पाहा. तोही तेल निर्यात करणारा, तरी तिथलं पेट्रोल जगातल्या महागांपैकी. १९९१पासून कार्बन कर, वर रस्त्याचा कर, वर २५ टक्के व्हॅट. तेलातून आलेला पैसा १९९६पासून एका निधीत जमा होतो, जो २०१७मध्ये एक लाख कोटी डॉलरच्या पुढे गेला. त्या निधीतून थोडा थोडा पैसा दरवर्षी सगळ्यांसाठी वापरला जातो, गाडी असो वा नसो. 'आमचंच तेल' या वाक्यातला 'आम्ही' नॉर्वेने गाडीवाल्यांपुरता ठेवला नाही. त्या देशाला लोकशाही, शिक्षण, सक्षम प्रशासन तेल सापडण्याच्या आधीपासून लाभलं होतं, हेही सांगायला हवं. नायजेरियाला 'नॉर्वेसारखं करा' म्हणणं सोपं आहे. विश्वास नसेल तर लोक म्हणतात, निधीत टाकलेला पैसा चोरीला जाईल, निदान पेट्रोल तरी हातात पडतं. त्यांचा हा हिशेब चुकीचा म्हणण्याआधी त्यांनी काय पाहिलंय ते आठवावं.

हे तक्ते वाचताना एक जुनी पद्धत मला अजून उपयोगी वाटते. जर्मनीच्या जीआयझेड या संस्थेने बरीच वर्षं देशोदेशीचे दर गोळा केले आणि त्यावर तीन रेषा ओढल्या. पहिली रेषा कच्च्या तेलाच्या भावाची. पंपावरचा दर त्याखाली असेल, तर सरकार भरमसाट अनुदान देतंय. दुसरी रेषा अमेरिकेतल्या दराची. तिथे बाजार मोकळा आणि कर कमी, म्हणून त्याखालचा दर म्हणजे थोडंफार अनुदान. तिसरी रेषा युरोपीय संघातल्या सर्वांत स्वस्त देशाची. त्यावरचे सगळे भारी कर लावणारे. फक्त विनिमय दराकडे लक्ष ठेवा. ज्या देशात सरकारी आणि काळ्या बाजारातला दर वेगळा आहे, तिथे डॉलरमधला आकडा दिशाभूल करतो. ऑक्टेन, म्हणजे पेट्रोलच्या दर्जाचं माप, तोही सारखा नसतो: अमेरिकेतल्या पंपावरचं ८७ म्हणजे युरोपच्या मापाने ९१-९२. आणि मिळकत तर तक्त्यात नसतेच. मलावीत सुमारे सत्तर टक्के लोक दिवसाला २.१५ डॉलरपेक्षा कमी पैशात जगतात. तिथे पेट्रोल अगदी दीड डॉलरला मिळालं, तरी ते नॉर्वेच्या राजधानीतल्या, ओस्लोतल्या दोन डॉलरच्या पेट्रोलपेक्षा कितीतरी महाग पडेल.

एक चिठ्ठी आली आहे: विजेच्या गाड्या आल्यावर या सगळ्याचं काय होणार? हा प्रश्न सरकारांना आत्ताच भेडसावतोय. नॉर्वेत २०२४मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळपास ८९ टक्के विजेच्या होत्या. पेट्रोलच विकलं गेलं नाही तर पेट्रोलवरचा कर कुठून येणार, आणि रस्ते तर तेवढेच वापरले जाणार. न्यूझीलंडने १ एप्रिल २०२४पासून विजेच्या हलक्या गाड्यांना दर हजार किलोमीटरला ७६ न्यूझीलंड डॉलर आकारायला सुरुवात केली. आइसलँडने त्याच वर्षी जानेवारीत किलोमीटरला सहा क्रोना लावले. रस्त्याचा पैसा असा थेट किलोमीटरवर घ्यायला लागले, तर युरोपातल्या महाग पेट्रोलमागचं एक मोठं कारण गळून पडेल, आणि उरेल तो धुराचा कर. तो किती असावा, यावर आत्ताच वाद सुरू आहेत. पण ज्या देशांत आज पेट्रोल तीन सेंट आहे, तिथे विजेची गाडी घ्यायचं कुणाला कारणच नाही. जग तेल विकत घेणं कमी करेल, तेव्हा हेच देश स्वतःचं तेल सर्वांत जास्त स्वतःच जाळत बसलेले असतील, आणि निर्यातीतून अनुदानाचा खर्च भागवायची सोयही त्यांच्याकडे राहिलेली नसेल. त्यांनी दर बदलायचा तो आत्ता, हातात पैसा आहे तोवर, आणि आधी लोकांच्या खात्यात काही जमा करून.